सृष्टिरक्षक सन्मान रद्द होऊन अर्जदाराचीच चौकशी होण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
बिशप महोदयांचे कार्यालय,
धर्मप्रांत कचेरी, दुसरा मजला.

विषय : अर्जदारास जाहीर झालेला 'सृष्टिरक्षक सन्मान' रद्द करून त्याच कामी अर्जदाराची चौकशी नेमण्याबाबत.

संदर्भ : १) सन्मान जाहीर झाल्याचे आपले पत्र.
२) अर्जदाराचा पहिला अर्ज, ज्याचे उत्तर आले.
३) अर्जदाराचा दुसरा अर्ज, ज्याचे उत्तर आले नाही.

महोदय,

खाली सही करणारा अर्जदार, वय त्रेपन्न, राहणार कापड रंगवण्याच्या कारखान्याचे क्वार्टर, हा आपणास तिसऱ्यांदा लिहीत आहे. मागचे दोन्ही अर्ज 'मी' असे लिहून केले होते. पहिल्यास आपल्या कचेरीकडून 'आपल्या मनाचा मोठेपणा दिसून आला' असे उत्तर मिळाले. म्हणून या खेपेस अर्जदार सरकारी रीतीने स्वतःस 'अर्जदार' म्हणत आहे, जेणेकरून वाचणाऱ्यास मोठेपणा दिसण्यास जागा राहू नये. हकिगत पुढीलप्रमाणे.

१. अर्जदार सदर कारखान्यात तेवीस वर्षे सांडपाणी विभागात आहे. कापड रंगवून झाल्यावर जे रंगीत, गरम, सोडा आणि आम्ल मिसळलेले पाणी उरते, ते चार टाक्यांमधून फिरवायचे, गाळ खाली बसवायचा आणि निवळलेले पाणी ओढ्यात सोडायचे, हे त्या विभागाचे काम. त्यामुळे लोक अर्जदारास 'टाकीवाले' म्हणतात. चौथ्या टाकीच्या मागे, भिंतीला लागून, हिरव्या रंगाचा हातचाकाचा एक व्हॉल्व्ह आहे. तो उघडला की पहिल्या टाकीतले पाणी बाकीच्या तिन्ही टाक्यांना बगल देऊन थेट ओढ्यात जाते. कारखान्याच्या नकाशात हा व्हॉल्व्ह नाही. टाक्या लहान आणि काम मोठे, त्यामुळे आठवडाभर तुंबलेले पाणी रविवारी सकाळी त्या वाटेने काढून टाकावे, अशी तोंडी सूचना आहे. रविवारी तपासणी कचेरी बंद असते. शिवाय सकाळी साडेसहा ते साडेसात पहिली मिस्सा असते आणि ओढ्याकाठची सगळी वस्ती, एक घर सोडून, चर्चमध्ये असते. घंटा झाली की चाक फिरवायचे आणि लोक बाहेर पडायच्या आत पुन्हा घट्ट करायचे. अर्जदार हे अकरा वर्षे करीत आला. त्यानंतर हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून तो साडेनऊच्या दुसऱ्या मिस्सेस जात असे आणि तेथे पवित्र ग्रंथातील उतारा मोठ्याने वाचत असे. वाचनासाठी त्याचा आवाज चांगला आहे, असे सर्वांचे मत आहे.

२. अडीच वर्षांपूर्वी आमच्या चर्चला नवे फादर आले. वय चाळिशीच्या आतले. सायकलवर फिरणारे, वेदीवरची प्लास्टिकची फुले पहिल्याच आठवड्यात काढून टाकणारे. त्यांनी पहिल्याच रविवारी प्रवचनात विचारले, "ओढा नासवून जे हात आपण जोडतो, ते हात देवानं धरायचे कुठून?" अर्जदार त्या वेळी पहिल्या बाकावर होता आणि त्याच्या नखांत रंग होता. घरी आल्यावर त्याला जेवण गेले नाही. पत्नीने विचारले, "अहो, पोट बरं नाही का?" तो हो म्हणाला.

पुढच्या शनिवारी अर्जदार पापनिवेदनास गेला. तेथे जे बोलणे झाले ते अर्जदाराचे स्वतःचे असल्यामुळे तो ते सांगू शकतो. फादर सांगू शकत नाहीत, आणि पुढची बरीचशी अडचण यातूनच आहे, हे आपणासारख्यांना निराळे समजावणे नको. जाळीपलीकडून फादरनी विचारले, "बंद करता येईल?"

अर्जदार म्हणाला, "माझ्या हातात नाही, फादर."

"चाक कोणाच्या हातात असतं?"

"माझ्या."

अर्जदाराने शब्द दिला. दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा तो व्हॉल्व्हपाशी हात मागे बांधून उभा राहिला. पाच मिनिटांनी कारखान्याच्या कचेरीतून फोन आला. "टाकीवाले, झालं का?" एवढेच शब्द. अर्जदाराने चाक फिरवले. त्यानंतर अर्जदार दर महिन्यास पापनिवेदनास जात राहिला, पण तेथे तो राग, आळस आणि शेजाऱ्याविषयी वाईट बोलणे एवढेच सांगत आला.

तीन आठवड्यांनी चर्चमध्ये सृष्टी-जतन समिती स्थापन झाली आणि फादरनी वेदीवरून अध्यक्ष म्हणून अर्जदाराचे नाव घेतले. जाळीमागे ऐकलेले बाहेरच्या कारभारात वापरायचे नाही या नियमास ते जागले, की मुद्दामच त्यांनी हे ओझे अर्जदाराच्या गळ्यात घातले, हे अर्जदारास आजतागायत कळलेले नाही आणि विचारण्याची सोय नाही. नकार द्यायचा तर कारण द्यावे लागले असते. लोक टाळ्या वाजवीत होते. अर्जदार उभा राहून मान लववता झाला. समितीने चाळीस रोपे लावली, कापडी पिशव्या शिवून वाटल्या. अर्जदाराने पाण्याच्या पावित्र्यावर तीन भाषणे केली आणि ती चांगली झाली.

३. या वर्षी ओढ्यातले मासे पांढरी पोटे वर करून तरंगले आणि शाळेतल्या मुलांच्या पोटऱ्यांवर चट्टे उठले. तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये सभा बोलावण्यात आली. अध्यक्षस्थानी अर्जदार. वस्तीतल्या दोनशे घरांची चूल कारखान्यावर चालते आणि हॉलवरचे पत्रेही कारखान्यानेच दिलेले आहेत, त्यामुळे सभेत दोन तट पडणार हे उघड होते.

निवृत्त पोस्टमास्तर प्रथम बोलले. त्यांचे दोन्ही मुलगे रंगाच्या खात्यात आहेत. ते म्हणाले, "चर्चनं आत्म्याचं बघावं. पाण्याचं बघायला सरकारनं माणसं ठेवली आहेत. फादर, उद्या तुमची बदली होईल, तुम्ही सायकल घेऊन जाल. आम्ही कुठं जायचं?"

धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या बाई ताडकन उठल्या. "आत्मा काय हवेत राहतो का, मास्तर? तो याच पोरांच्या अंगात राहतो. पोटऱ्या बघा त्यांच्या. पुढच्या सोमवारी सगळ्यांनी गेटवर मोर्चा न्यायचा, फादरनी पुढे चालायचं. नाहीतर ही प्रवचनं बंद करा."

"मोर्चानं पोट भरतं का?"

"विषानं भरतं का?"

दीड तास असे चालले. कोणी म्हणाले, चर्च पुढे झाले नाही तर उद्या पोरं चर्चला विचारणार नाहीत. कोणी म्हणाले, गेट बंद पडले तर दानपेटीच्या आधी स्वयंपाकघर रिकामे होईल. दोन्हीकडचे लोक आपापल्या परीने खरे बोलत होते, हे अर्जदार नमूद करू इच्छितो. शेवटी बाई हॉलभर नजर फिरवून म्हणाल्या, "पाणी आपोआप जांभळं होत नाही. कोणीतरी हातानं सोडतं. तो माणूस कदाचित इथंच बसला असेल. कोण आहे तो?"

अर्जदाराने उठायचे असे ठरवले नव्हते. तो उठलेला होता एवढे त्याला आठवते. तो म्हणाला, "मी. मी सोडतो. दर रविवारी, पहिल्या मिस्सेच्या वेळी."

आता लोक अंगावर येतील म्हणून अर्जदाराने टेबलाची कड धरली. तेवढ्यात पोस्टमास्तर उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "खरं बोललात, टाकीवाले. मीपण सोडतो. माझ्या घरचं साबणाचं पाणी जातं कुठं? ओढ्यातच ना?" मग शिंपी उभा राहिला. "मीपण." मग दवाखान्यातली नर्स. मग बाकच्या बाक उठू लागले. "मीपण. मीपण." बाई अर्जदाराच्या पत्नीच्या गळ्यात पडून रडू लागल्या. अर्जदार ओरडून सांगत होता, "अहो तसं नाही! खरोखरचा व्हॉल्व्ह आहे! चौथ्या टाकीमागं, हिरव्या रंगाचा!" तेव्हा मागून कोणीतरी शेजाऱ्यास म्हणाले, "हिरवा! किती सुंदर दाखला दिला बघ."

फादर पहिल्यापासून उभेच होते. ते खाली मान घालून टेबलावरचे कागद एकावर एक रचत राहिले. त्यांनी चेहरा वर केला असता तर त्यावर जे दिसले असते ते दाखवण्याची त्यांना मुभा नव्हती, असा अर्जदाराचा तर्क आहे. संपूर्ण हॉलमध्ये एकच व्यक्ती बसून राहिली. ओढ्याकाठी पालेभाजी पिकवणाऱ्या मावशी, शेवटच्या बाकावर, हात पदराखाली घेऊन.

दोषी एकटा कारखाना नसून आपण सर्वच आहोत असे ठरल्यामुळे मोर्चा रद्द करण्यात आला. त्याऐवजी सर्वांनी पाच मिनिटे मौन पाळले. ठराव एकमताने मंजूर झाला आणि त्यावर अध्यक्ष म्हणून अर्जदाराची सही आहे.

४. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावले. अर्जदार नोकरी गेली असे धरून, कपाटाची किल्ली खिशात घेऊनच गेला होता. साहेबांनी खुर्ची दिली. ते म्हणाले, "फार छान बोललात म्हणे. असा संवेदनशील माणूस आपल्याकडे आहे, याचा अभिमान वाटतो." मग त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. सभेतील आपले उद्गार आध्यात्मिक व प्रतीकात्मक अर्थाचे होते, कारखान्यात असा कोणताही व्हॉल्व्ह नाही, असे त्यात होते. "म्हणजे उगाच कोणी भलता अर्थ काढायला नको. तुमच्या क्वार्टरचं छत गळतंय ना? उद्याच माणूस पाठवतो. आणि हो, तुम्ही आता पर्यावरण समन्वयक."

साहेबांनी धमकी दिली नाही. दिली असती तर अर्जदार कदाचित ताठ राहिला असता. अर्जदाराने कागद दोनदा वाचला आणि सही केली.

घरी येऊन पत्नीस सांगितले. ती भांडी घासत होती, ती थांबली. म्हणाली, "मला विचारलं असतंत तर?"

"तू काय म्हणाली असतीस?"

"सही करा म्हणाले असते. या वयात घर कुठं शोधायचं? पण विचारायला हवं होतं तुम्ही." तिने पुन्हा भांडी घासायला घेतली. छत दुरुस्त झाले. अर्जदाराचा फोटो गेटवर लागला, हातात रोप घेतलेला.

५. अर्जदार फादरांकडे गेला. ते अंगणात सायकलची साखळी बसवत होते. अर्जदार म्हणाला, "फादर, तुम्हाला ठाऊक आहे मी खरं बोललो ते. तुम्ही सांगा लोकांना."

फादरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "हॉलमध्ये तुम्ही बोललात ते सगळ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. त्याचा खरा अर्थ कोणता हे मला कुठून कळलं, असं कोणी विचारलं तर मी काय उत्तर देऊ?"

"मग आता सांगतो. इथं, अंगणात, उभ्यानं. हे काही पापनिवेदन नाही."

"सांगा."

अर्जदाराने सर्व पुन्हा सांगितले. टाकी, चाक, घंटा, फोन. फादरनी हाताला लागलेले वंगण पुसले नाही. ते म्हणाले, "ऐकलं. अजून उघडता?"

"हो."

"परवाच्या रविवारीपण?"

"हो, फादर."

ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "मी वेदीवरून बोललो की पोस्टमास्तरांचा पहिला प्रश्न हाच असेल, की फादरना हे कोणी सांगितलं. व्हॉल्व्ह नसल्याचं तुमचं सहीचं पत्र ते वाचून दाखवतील. मग लोक म्हणतील, फादरनी पापनिवेदन फोडलं. एकदा ही शंका आली ना, की त्या जाळीशी पुन्हा कोणी येणार नाही. तुमच्यासारखाही नाही आणि तुमच्या साहेबासारखाही नाही. हे तुम्हीच बोलायला हवं, टाकीवाले."

"मी बोललो की, फादर!"

"हो," फादर म्हणाले. "बोललात."

त्या दिवशी दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. तरी फादरनी आपल्या या बिशप-कचेरीस पत्र लिहिले, हे अर्जदारास नंतर कळले. त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांच्या बदलीचा हुकूम आला. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही असे आपण त्यांना कळवले आहे. अर्जदार त्यावर काही म्हणू इच्छित नाही.

६. अर्जदाराने सरकारी तपासणी कचेरीतही लेखी तक्रार नेली. तेथील कारकून सज्जन होता. त्याने फाइल काढली आणि तक्रार नोंदवण्यापूर्वी कारखान्याने आधीच पाठवलेले अर्जदाराचेच पत्र अर्जदारापुढे धरले. "ही सही तुमचीच ना? इथं तुम्ही म्हणता व्हॉल्व्ह नाही. आज म्हणता आहे. यातलं खोटं कोणतं ते आधी लिहून द्या." अर्जदाराने ते लिहून दिले. तेव्हा त्याने विचारले, की खोटे लिहून देणाऱ्या माणसाचे हे दुसरे पत्र तरी खरे कशावरून.

७. अशा अवस्थेत आपले पत्र आले. धर्मप्रांतातील नैतिक नेतृत्वाचा आदर्श म्हणून अर्जदारास 'सृष्टिरक्षक सन्मान' देण्याचे ठरले असून, आता सहा दिवसांवर आलेल्या रविवारी साडेनऊच्या मिस्सेनंतर स्वतः बिशप महोदय तो प्रदान करतील, असे त्यात होते. शिफारस दोन ठिकाणांहून आली होती, चर्चच्या समितीकडून आणि कारखान्याकडून. अर्जदाराने त्याच दिवशी उत्तर लिहिले, की आपण या सन्मानास पात्र नसून ओढा नासवणारा माणूस आपणच आहोत. आपले उत्तर चार दिवसांत आले. त्यातील वाक्य अर्जदारास पाठ झाले आहे : 'स्वतःस अपात्र समजणे हीच पात्रतेची खूण असून, आपल्या नम्रतेने निवड समितीचा निर्णय अधिकच दृढ झाला आहे.' अर्जदाराने दुसरा अर्ज केला. त्यात नम्रता दिसू नये म्हणून तो मुद्दाम उर्मट भाषेत लिहिला होता. त्यास उत्तर आले नाही.

८. यानंतर अर्जदाराने एक गोष्ट केली. शनिवारी तो मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "उद्या मी व्हॉल्व्ह उघडणार नाही." हे वाक्य त्याने आठवडाभर घोकले होते. त्यापुढचीही दोन वाक्ये तयार होती.

साहेब म्हणाले, "उघडूच नका. समन्वयकानं कशाला चिखलात जायचं?" आणि त्यांनी समोरची फाइल उघडली.

अर्जदाराने आयुष्यात केलेला हा एकमेव नकार, आणि तो लगेच मंजूर झाला. सोमवारी अर्जदाराचे टेबल पुढच्या कचेरीत, काचेच्या खोलीत हलवण्यात आले. व्हॉल्व्हवरचे हातचाक काढून तेथे मोटर बसवण्यात आली आणि तिला घड्याळ जोडण्यात आले. दर रविवारी सहा पस्तीसला ती सुरू होते, सात पंचवीसला बंद होते. आता फोन करावा लागत नाही आणि कोणाला उभे राहावे लागत नाही. याचा परिणाम आपल्या ध्यानी यावा. 'मी सोडतो' हे अर्जदाराचे म्हणणे जोवर खरे होते तोवर कोणी मानले नाही, आणि आता कोणी मानावयाचे ठरवले तरी ते खरे राहिलेले नाही. अर्जदार काचेच्या खोलीत बसतो. बाहेरून जाणारा प्रत्येक जण हात वर करून त्याला नमस्कार करतो.

९. परवा शनिवारी दुपारी मावशी अर्जदाराच्या घरी आल्या. त्यांचा मळा ओढ्याला लागून असल्यामुळे त्या सकाळी पाणी देतात आणि म्हणून फक्त दुसऱ्या मिस्सेला येतात. वर परिच्छेद एकमध्ये सोडलेले घर ते त्यांचेच. त्यांनी पिशवीतून झाकणे घट्ट लावलेल्या तीन बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या. एकीतले पाणी जांभळे, एकीतले काळसर हिरवे, एकीतले जुन्या विटेसारखे.

"तीन रविवारांचं आहे," त्या म्हणाल्या. "पुलाखालून भरलंय. तू खरंच सोडत होतास ना?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न असा कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "हो, मावशी. खरंच."

"मला ठाऊक होतं. भिंतीवरून तुझी टोपी दिसायची." त्यांनी हात ओट्यावर ठेवले. कातडी सोललेली होती आणि नखांच्या कडा निळ्या पडल्या होत्या.

अर्जदाराच्या पत्नीने पाणी दिले. ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी हॉलमध्ये सगळे उठले. तुम्ही एकट्या बसून होता. तुम्हाला यांचा राग आला होता ना?"

मावशी पाणी प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "राग होताच. पण बसून राहिले ते त्यासाठी नाही. ते सगळे उगीच उठले गं. साबणाचं पाणी, अमुक पाणी. माझं खरं होतं, म्हणून पाय उचलेना. रविवारचं पाणी कसलं असतं हे मला तीन वर्षं कळत होतं. मळ्यात तेच शिरायचं. पानं वरून हिरवीगार, देठ मोडला की आत रंग. मी सोमवारी तीच धुऊन बाजारात मांडायचे. लोक म्हणायचे, मावशींची भाजी काय टवटवीत! माझ्या बहिणीच्या सुनेनं दिवस असताना तीच खाल्ली." त्यांनी एका बाटलीचे झाकण पुन्हा आवळले. "तिची पोर बरी आहे. पण ती बरी आहे यात माझं काही नाही."

आता त्या पिकवतात पण विकत नाहीत. सभेनंतरच्या सोमवारपासून उगवलेले उपटून खड्ड्यात पुरतात. हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. अर्जदार म्हणाला, की मग सन्मान तुमचाच आहे, मी तसे लिहितो. त्यावर मावशी एवढ्या संतापल्या की पत्नीला मध्ये पडावे लागले.

"परत तेच! अरे, कोणीतरी आपल्याला गुन्हेगार म्हणेल का नाही? लिही. दोघांचं लिही. मी सही करते. पण मी तुला माफ केलं असं समजू नकोस."

अर्जदाराने तसे समजलेले नाही. हा अर्ज त्यांच्यासमोर लिहावयास घेतला, काल रविवारी त्यांना वाचून दाखवला, आणि परिच्छेद नऊमधील मजकूर त्यांनी दोनदा दुरुस्त करून घेतला. पत्नीसही या वेळी आधी विचारले. ती म्हणाली, "पाठवा. सामान बांधायला मला दोन दिवस पुरतात." तिने ट्रंक माळ्यावरून काढून ठेवली आहे.

१०. सबब विनंती की,

(अ) सदर सन्मान रद्द करावा. दुसऱ्या कोणास देऊ नये.

(ब) अर्जदाराने अकरा वर्षे ओढ्यात अशुद्ध पाणी सोडले व खोट्या पत्रावर सही केली, आणि सहअर्जदार मावशी यांनी तीन वर्षे दूषित भाजी जाणूनबुजून विकली, याची रीतसर चौकशी नेमावी. चौकशीत दोघांच्या उद्गारांचा आध्यात्मिक अर्थ काढण्यास मनाई असावी.

(क) ज्यांच्या सूचनेवरून हे झाले त्यांच्यापर्यंत ती चौकशी न्यावी. आम्ही दोघे सापडलो म्हणून ती आमच्यावर थांबवू नये.

(ड) मोटर कारखान्याच्या भिंतीआड असली तरी पाणी भिंतीआड राहत नाही. तरी बिशप महोदयांनी येत्या रविवारी साडेनऊऐवजी साडेसहाला यावे आणि चर्चमध्ये न येता ओढ्यावरच्या छोट्या पुलावर पन्नास मिनिटे उभे राहावे. मावशी तेथे असतील. अर्जदारही असेल. फादरना बदलीवर जाण्यास अजून दोन आठवडे आहेत. पहिली मिस्सा त्यांनाच करावयाची असल्याने त्यांना येता येणार नाही, पण त्या दिवशी त्यांनी ती पुलावर करावी असा आपला आदेश झाल्यास वस्तीतले सर्व लोकही तेथे असतील. मग जे दिसेल ते कोणी सांगावे लागणार नाही, आणि कोणास कसे कळले असेही कोणी विचारणार नाही.

(इ) वरील (ड) नामंजूर असल्यास तसे लेखी कळवावे. अर्जदार व मावशी कोणत्याही परिस्थितीत पुलावर असतील.

अर्जाच्या शेवटी स्वतःस नम्र म्हणण्याची रीत आहे. त्या शब्दाने अर्जदाराचे आधीच पुष्कळ नुकसान झाले असल्याने तो येथे गाळला आहे, गैरसमज नसावा.

आपला,
गुन्हा कबूल असलेला अर्जदार
(सही)

सहअर्जदार, मळेवाली
(सही, डाव्या हाताने, उजव्या हाताच्या बोटांना पट्टी असल्याने)

वाचून दाखवले व बरोबर असल्याची साक्ष
(सही) अर्जदाराची पत्नी

दिनांक : सोमवार, सन्मान-समारंभाच्या सहा दिवस आधी.

सोबत :
१) प्रतीकात्मक अर्थाबाबतच्या पत्राची नक्कल, एक.
२) सन्मानाचे निमंत्रणपत्र, मूळ, परत.
३) ओढ्यातील पाण्याच्या बाटल्या, तीन, तारखा चिकटवलेल्या. आपल्या कचेरीत कोणी त्या उघडल्यास हातमोजे घालावेत आणि मोरीत ओतू नयेत.